गजभिये सरांचं इल्मेनाइट

जबलपूर शहर, छावणी आणि आसपासच्या समस्त नागरिकांना या निवेदनाद्वारे अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, काळा आणि जड दगड म्हणजे आकाशातून पडलेली उल्का नव्हे. तो परग्रहावरून आलेला नसतो, त्यात यक्ष राहत नाही, आणि बहुतेक वेळा ती कुठल्या तरी भट्टीनं फेकलेली मळी असते. तरी कृपया तो मखमलीत गुंडाळून, अगरबत्ती ओवाळून आमच्या प्रयोगशाळेत आणू नये. हुकमावरून.

हे निवेदन मला आमच्या फाटकावर लावायचं होतं. साहेबांनी कधी लावू दिलं नाही. आता मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून आग्रह केला आहे, तेव्हा ते इथे लावून मोकळी होते.

मी दगड कापायची. नाव कुंदा. वडील भंडाऱ्याकडून इथे जबलपूरला, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आले, तिथल्याच क्वार्टरमध्ये मी वाढले, बी.एस्सी. झाले आणि खनिज तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागले. माझी मुलगी राइट टाउनच्या शाळेत होती. बाईंनी विचारलं, तुझी मम्मी काय करते? ती म्हणाली, "मम्मी पत्थर काटती है." दुसऱ्या दिवशी बाईंनी सहानुभूतीनं तिच्याजवळ एक जुना स्वेटर पाठवला. तो मी घातला. चांगला ऊबदार होता.

काम असं. आमचे भूवैज्ञानिक हिवाळाभर डोंगरांत तंबू ठोकून राहत आणि कापडी पिशव्यांतून दगड आणत. मी एकेका दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि घासत न्यायची, ती इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दगडाच्या पोटातले रंग दिसतात. पण काही खनिजं अशी हट्टी असतात की कितीही पातळ करा, उजेड आरपार जाऊ देत नाहीत. काळी ती काळीच. त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. दगडाचा तुकडा घासून, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, कापडावर पॉलिश करून आरशासारखा करायचा आणि त्याच्यावरून परत येणारा उजेड बघायचा. त्या आरशात बघून मी केस सारखे केलेले आहेत. या घासण्यात माझ्या बोटांचे ठसे गेले. पुढे ऑफिसात अंगठ्याची हजेरी आली, तेव्हा ते यंत्र रोज सकाळी जाहीर करायचं की ही बाई कोणीच नाही. लोक हसायचे. मी म्हणायची, "मशीन झूठ नहीं बोलती, भैया."

गिऱ्हाईक म्हणाल तर एकेक नग. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातले एक कापडवाले सेठजी एकदा काळा दगड घेऊन आले. कापडाच्या ताग्यावर वजन म्हणून ठेवत होते. म्हणाले, "दीदी, इसमें करंट है. दुकान की सुइयाँ खींचता है." मी डोळे मिटले, दगडाभोवती होकायंत्र फिरवलं, काटा गरगरला, सेठजींनी हात जोडले. तो मॅग्नेटाइट होता. लोखंडाचं साधं, प्रामाणिक, चुंबकीय खनिज.

"तो रखूँ कि फेंकूँ?"

"रखिए. सुइयाँ नहीं खोएँगी."

सेठजी खूश होऊन गेले. माझ्या उभ्या नोकरीत आमचं उत्तर ऐकून आनंदानं परत गेलेला माणूस तो एकटाच. बाकीच्यांना आम्ही "नाही" एवढंच सांगितलं. आमच्या धंद्याचं ते मुख्य उत्पादन.

पण मला सांगायचं आहे ते मॅग्नेटाइटच्या चुलतभावाबद्दल. त्याचं नाव इल्मेनाइट. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन या तिघांचं ते लग्न. दिसायला काळं, बिडाच्या तव्यासारखी मंद चमक, हातात घेतलं तर आकाराच्या मानानं फार जड. खरबरीत चिनी मातीवर घासलं तर काळी, जराशी तपकिरी रेघ उमटते. काचेवर जेमतेम ओरखडा काढेल इतकं कठीण. आणि स्वभाव भिडस्त. साधं चुंबक नेलं तर मॅग्नेटाइट धावत येतं, इल्मेनाइट जागचं हलत नाही. त्याला ओढायला विजेचं दांडगं चुंबक लागतं.

ते बनतं कसं? जमिनीच्या पोटात खडक वितळून रस झालेला असतो. तो निवताना सगळा एकदम गोठत नाही. कुठल्या टप्प्यावर कोण गोठणार, याचा क्रम ठरलेला असतो. इल्मेनाइटचे दाणे रस पातळ असतानाच बनले, तर जड म्हणून खाली जातात आणि पातेल्याच्या बुडाशी गाळ बसावा तसे थरानं बसतात. खडकात मग काळे, जड पट्टे दिसतात. पुढे हजारो पिढ्या ऊनपाऊस तो खडक झिजवतात, नदी हलकं हलकं वाहून नेते आणि हे जड दाणे काळी वाळू होऊन मागे राहतात. आणि एवढ्या काळ्याकुट्ट खनिजापासून कारखान्यात काय करतात माहीत आहे? पांढरा रंग. भिंतीचा, कागदाचा, दात घासायच्या पेस्टचा. मी हे मोठ्या कौतुकानं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढे वर्षं त्याच्यात हात घालून राहिली, मंग तुह्या तोंडाले काहून नाही लागला?"

तर गजभिये सर.

आमच्याकडे ते नमुने उचलणारा माणूस म्हणून लागले होते. नोकरी करता करता शिकले, परीक्षा दिल्या आणि केस पिकल्यावर भूवैज्ञानिक झाले. किडकिडीत, डोक्यावर खाकी टोपी, शर्टाचे दोन्ही खिसे दगडांनी ओघळलेले. दगड जिभेनं चाटून बघायचे. ओला दगड खरं बोलतो, असं म्हणायचे. आम्ही एकाच मुलखातले, म्हणून माझ्याशी घरचं बोलत. मोठ्या कामांच्या अहवालांत त्यांचं नाव नेहमी शेवटी, "इत्यादी"च्या शेजारी. नोकरीची शेवटची चार वर्षं उरली तेव्हा त्यांना एकट्याला पाहणीसाठी डोंगराचा एक तुकडा मिळाला, मंडल्याच्या बाजूचा. कोणालाच नको होता म्हणून मिळाला. तीन हिवाळे ते तिथे राहिले. एका टेकडीत त्यांना काळ्या दगडाचा पट्टा सापडला होता आणि त्यात इल्मेनाइट आहे, भरपूर आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ऑफिसात त्यांचं नाव पडलं, "काला सोना."

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांनी माझ्या टेबलावर पिशवी ठेवली.

"कुंदा, हे जपून कर वं. ह्याच्यात हाय."

"सर, तुम्ही प्रत्येक पिशवीला असंच म्हणता."

"बाकीच्यायचं सोड. ह्याच्यात हाय."

मग स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मले प्रमोशन नाही पायजे. एक ड्रिल पायजे. त्या टेकडीत एक भोक पडलं पायजे. मंग त्यातून काय निघते ते निघो. पण कागदावर नाव माह्या एकट्याचं."

नियम असा होता. आमच्या टेबलानं "इल्मेनाइट आहे" म्हटलं तर नमुना रासायनिक तपासणीला जायचा, तिथून पुढे खोल भोक पाडायच्या यंत्राची मंजुरी. आमच्या टेबलानं "नाही" म्हटलं की फाइल बंद. आणि सरांजवळ एकच हिवाळा उरला होता.

आता माझ्या पेशातली एक बारीक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर अडलं आहे. दगडाचा चुरा करतात आणि कागदावर पसरतात. चुंबकाला कागद गुंडाळतात, नाहीतर चुरा त्याला असा चिकटतो की दिवसभर पुसत बसावं. ते चुऱ्यावरून फिरवलं की मॅग्नेटाइट उडी मारून वर येतं. ते बाजूला काढायचं. खाली राहतं त्यात इल्मेनाइट शोधायचं. सोपं. पण कधी कधी मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट एकाच दाण्यात गुंतलेले असतात. मग मॅग्नेटाइट उडी मारताना भावाला काखेत मारून घेऊन येतं. म्हणून चुंबकाला लागलेला भागही पॉलिश करून बघावा लागतो. हे मला माहीत होतं. नव्या मुलींना हे मीच शिकवत होते.

त्याच आठवड्यात वरच्या कार्यालयातून पाहुणे आले. सफारी सूट, गळ्यात हार, आमचे बडे साहब पुढे-मागे. आणि मला, काय सांगू, प्रेक्षक दिसले की राहवत नाही. लहानपणी क्वार्टरच्या गणवेशधारी चौकीदाराची नक्कल करून मी अख्खी ओळ हसवलेली बाई. साहेब म्हणाले, "कुंदाजी, ज़रा कुछ दिखाइए." टेबलावर सगळ्यात काळा, सगळ्यात देखणा चुरा गजभिये सरांचा होता. मी तोच घेतला. पांढऱ्या कागदावर ढीग केला, पदर खोचला आणि सुरू केलं, "मेहरबान, कदरदान!" चुंबक वरून हळूहळू खाली आणलं. आणि तो अख्खा ढीग उठला. जवळजवळ सगळाच्या सगळा. काळ्या मिशांसारखा चुंबकाला लोंबायला लागला. टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या.

बडे साहब म्हणाले, "देखा सर, पूरा मैग्नेटाइट. और हमारे गजभिये जी तीन साल से इसे इल्मेनाइट बता रहे हैं."

सगळे हसले. मी पण हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. चांगलं मोठं होतं.

दुपारी साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, पॉलिश व्हायचं आहे, नमदा फाटला आहे, नवा आलेला नाही, दोन-तीन दिवस लागतील. ते म्हणाले, "अब क्या पॉलिश? जो सबने देखा, वही लिख दीजिए." मी लिहिलं. "मुख्यतः मॅग्नेटाइट. इल्मेनाइट नगण्य." खाली सही, सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सर आले. हातात रिपोर्टची प्रत होती. चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चिडले असते आणि भांडणात खरं निघालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुंदा, चुंबकाले लागलं ते पॉलिश करून पायलं ना?"

"पाहिलं, सर."

"पायलं?"

"हो."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "तू पायलं म्हणजे पायलं."

उरलेल्या नमुन्याच्या पिशवीचं तोंड त्यांनी स्वतः बांधलं, दोन गाठी मारल्या, आणि गेले.

कितीदा मी स्वतःला समजावलं आहे की घाई होती, साहेबांचा हुकूम होता, नमदा फाटला होता. नमदा फाटला होता हे खरंच आहे. पण "पाहिलं" हा शब्द नमद्यानं उच्चारला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगू शकत होते. तिसऱ्या दिवशी. आठवड्यानं. प्रत्येक दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं आणि मग सरांचा टेकडीवरचा कँप बंद झाल्याचं पत्र निघालं, तेव्हा मला चक्क हलकं वाटलं. आता सांगून उपयोग नव्हता ना.

सरांचा शेवटचा हिवाळा ऑफिसात जुने नकाशे गुंडाळण्यात गेला. निरोपाच्या कार्यक्रमात ते माइकपुढे उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "जिन साथियों ने तीन सर्दियाँ मेरे साथ जंगल में काटीं, उनसे माफ़ी चाहता हूँ. मेरी आँख का दोष था. मैं ग़लत था." लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं कबूल करायला मोठं मन लागतं, असं माझ्या शेजारची म्हणाली. माझ्या एका हातात समोसा होता, म्हणून मला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

पुढे बरीच वर्षं गेली. त्या टेकडीला गिट्टीची, म्हणजे खडी फोडायची, क्रशर लागली. काळा, टणक दगड रस्त्याला फार चांगला. आमचा एक ड्रायव्हर सांगत होता, "दीदी, आधा पहाड़ तो रोड में बिछ गया." त्या रस्त्यानं मी एकदा लग्नाला गेले. रस्ता गुळगुळीत होता.

मग आमची प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलली आणि कपाटं रिकामी करताना मला ती पिशवी सापडली. दोन गाठी तशाच. मी त्या सोडल्या. त्यातला एक खडा घेतला आणि, आता वेळच वेळ होता, नमदाही नवा होता, तीन दिवस घासला. आरसा झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

करड्या मॅग्नेटाइटमध्ये गुलाबी छटेच्या तपकिरी रंगाच्या पट्ट्या होत्या. एक नाही, शेकडो. तीन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या, वेताच्या खुर्चीच्या विणीसारख्या. सूक्ष्मदर्शकाची खालची तबकडी फिरवली की मॅग्नेटाइट होतं तसंच राहायचं आणि पट्ट्या उजळायच्या, काळवंडायच्या. इल्मेनाइटची ही खूण कोणीही ओळखेल. दगड पेटता गरम असताना लोखंड आणि टायटॅनियम एकाच खनिजात एकजीव नांदतात. निवायला लागला की त्यांचं पटेनासं होतं. पण तोवर दगड घट्ट झालेला असतो, बाहेर जाता येत नाही. मग दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अबोला धरलेल्या नवराबायकोसारखं आतल्या आत वेगळं व्हायचं, आपापली भिंत धरून. त्या भिंती म्हणजे ह्या पट्ट्या. इतक्या बारीक पट्ट्या कुठल्याही चक्कीत दळून सुट्या निघत नाहीत. असल्या इल्मेनाइटचा कारखान्याला उपयोग नाही. तेवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं.

पण पट्ट्यांच्या शेजारी, मॅग्नेटाइटला कडेनं चिकटून, मोठे दाणेही होते. ऐसपैस, अख्खे, इल्मेनाइटचे. आणखी बारीक दळल्यावर ते सुटे झाले असते. टेकडीत असे किती होते, कामाचे होते की नव्हते, हे मला सांगता येत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठीच तर एक भोक पाडायचं होतं.

मी त्याचा फोटो काढला, स्टुडिओतून मोठा करून घेतला आणि एका रविवारी सकाळी स्कूटी काढली. सर मुलाकडे राहत होते. तो खमरियातच नोकरीला लागला होता. वाटेत मी भाषणाची तालीम करत होते. आधी विनोद, मग रहस्य, मग फोटो, शेवटी पाय धरायचे. खरं सांगते, मला वाटत होतं सर आनंदानं रडतील. तुम्हीच बरोबर होता, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. फार वाळले होते. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला बघून आत हाक मारली, "अवं सुनबाई, कुंदाताई आल्या, चहा ठेव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं केलं आली. ऑफिसचं कोणी येत नाही. ह्यायनं बी दगडाचं नावच सोडलं. नातू खडा घेऊन आला त म्हणते, फेकून दे, मले त्यातलं समजत नाही."

माझा विनोद तिथेच सुकला. मी नुसता फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. फोटो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा सरळ केला. एका मोठ्या दाण्याच्या कडेवरून बोट हळूहळू नेलं.

"इल्मेनाइट," ते म्हणाले. चेहरा उजळला. "मस्त हाय. कुठलं वं हे?"

"तुमचंच आहे, सर. त्या टेकडीचं. शेवटच्या पिशवीतलं."

बोट थांबलं.

"मी तेव्हा पॉलिश केलंच नव्हतं. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले. तुमची नजर चुकली नव्हती, सर. मी न बघता सही केली होती."

काकू दारात चहाचा ट्रे धरून उभ्या राहिल्या. सरांनी फोटो पुन्हा चष्म्याजवळ नेला. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घातली होती. मग त्यांनी विचारलं, "टेकडी हाय ना अजून?" मी क्रशरचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. फोटो उलटा करून मला परत द्यायला लागले, पण मी धरायच्या आधीच सोडून दिला आणि तो दोघांच्या मध्ये पडला. मी उचलायला वाकले आणि तेवढ्यात, ज्या माणसाचा चढा आवाज मी नोकरीभरात एकदाही ऐकला नव्हता, तो माणूस शेजारचे कुंपणापाशी येतील इतक्या मोठ्यानं ओरडला:

"काहून सांगितलं वं पोरी? मी चुकलो होतो, तेच बरं होतं!"